आधी गवत, मग तण



स्मृतिव्याख्यानाला मोठा विषय घ्यायची रीत आहे. त्यातून हे महाड. इथे रायगड आहे, चवदार तळे आहे, शिवथरघळ आहे. विषयांची वानवा नाही. तरीही संयोजकांनी विचारले तेव्हा मी गवत हा विषय सांगितला. नेमके सांगायचे तर गवतात शिरलेले तण, आणि गुरांना व गवताला धक्का न लावता ते कसे आवरायचे हा प्रश्न. त्यांनी भुवया न उंचावता तो मान्य केला, याबद्दल आधी आभार मानतो.

मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. रानमोडी या झुडुपाने आपले गवत मारले, असे गावोगाव ऐकू येते. पण बहुतेक माळांवर क्रम उलटा घडला आहे. गवत आधी विरळ झाले, रानमोडी मागाहून आली. हा क्रम पटला तर उपायांचा क्रमही बदलावा लागतो. न पटला, तर दरवर्षी तण कापायचे आणि दरवर्षी ते वाढलेले पाहायचे, एवढेच हाती उरते.

माळ राखला कोणी?

सावित्री, काळ आणि गांधारी या नद्यांच्या खोऱ्यांतली मांडणी तुम्हाला ठाऊक आहे. तळाला भाताची खाचरे, त्यांच्या वर वस्ती, वस्तीच्या वर वरकस जमीन आणि त्याही वर रान नि कडे. वरकसात नाचणी, वरी दोन-तीन वर्षे घ्यायची आणि मग जमीन पड टाकायची. त्या पडीवर गवत यायचे. पवना, मारवेल, कुसळी अशी ही गवते. दसरा उलटला, गवत पिवळे पडू लागले की घरोघरचे विळे बाहेर निघायचे. भारे खाली यायचे, उडव्या रचल्या जायच्या आणि भाताचा पेंढा नि हे गवत यांवर गुरे पुढच्या पावसापर्यंत निभायची. धनगरवाड्यांवरच्या म्हशी आणि खालच्या गावांतल्या लहान चणीच्या, काटक गाई याच डोंगरावर पोसल्या गेल्या. या गाई आज कोकण कपिला या नावाने देशी जात म्हणून नोंदल्या गेल्या आहेत.

या कापणीचे एक काम आपल्या लक्षातच आले नव्हते. विळा फक्त गवत कापत नव्हता. गवतात उगवलेले झुडुपाचे प्रत्येक रोपही तो कापत होता, आणि तेही ऑक्टोबर-नोव्हेंबरात, रानमोडीला फुले धरण्याच्या ऐन तोंडावर. म्हणजे कोणी तणनियंत्रण हा शब्द उच्चारत नव्हते त्या काळात दरवर्षी, फुकट, डोंगरच्या डोंगर स्वच्छ होत होते.

मग माणसे गेली. मुंबईला गेली, सुरतेला गेली, पुण्याला गेली. काही खाली औद्योगिक वसाहतीत कामाला लागली. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. नाचणीवर घर चालत नव्हते. पण नाचणी बंद झाली, बैल जाऊन पॉवर टिलर आला, दावणीची गुरे कमी झाली आणि वरच्या माळावर विळा घेऊन जाणारे कोणी राहिले नाही. उरलेल्या गुरांना राखायला गुराखी नाही, म्हणून ती गावाच्या आसपासच मोकळी सुटतात.

परिणाम असा की आज एकाच गावात दोन तऱ्हेचे बिघडलेले माळ दिसतात. गावालगतचा माळ खरवडून निघालेला असतो. तिथे गवताला डोके वर काढायला उसंत नाही आणि खुरांनी जमीन उघडी पडलेली. वरचा माळ सोडून दिलेला असतो. तिथे न कापलेले जुने गवत आडवे होऊन कुजते, मधे मधे मोकळ्या जागा पडतात आणि झुडुपे माजतात. एकीकडे गुरे फार, दुसरीकडे गुरेच नाहीत. तणाला दोन्ही दारे उघडी. एकाला चराईबंदी हवी आहे आणि दुसऱ्याला चराई हवी आहे. म्हणून साऱ्या तालुक्याला एकच उपाय सांगणाऱ्या माणसापासून जरा जपून राहावे.

पाहुणे आणि घरचे

आता तणांची ओळख करून घेऊ, कारण ओळख चुकली तर कोयता चुकीच्या झाडावर पडतो.

पहिली रानमोडी. ही मूळची अमेरिका खंडातली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात ती शोभेसाठी आली. पुढे ईशान्येकडून पसरली. दुसऱ्या महायुद्धात आसामच्या आघाडीवरून परतलेल्या माणसांच्या सामानाबरोबर ती केरळात पोचली असे मानतात. नंतर सह्याद्रीच्या पावसाळी उतारांवर तिने बस्तान बसवले. थंडीत तिला पांढुरकी-जांभळट फुले येतात आणि शिमग्याच्या सुमारास बी उडू लागते. एका मोठ्या झुडुपाला हजारोंनी बी येते. प्रत्येक बीला केसांचा झुबका असतो. ते वाऱ्याने जाते, कपड्याला चिकटून जाते, मुरमाच्या डंपरमधूनही जाते. झुडूप कापले तर बुंध्याजवळून पुन्हा धुमारे फुटतात.

एवढे ऐकून माणूस हात टेकेल. पण तिचे दुबळेपण त्या बियाण्यातच आहे. बी इतके बारीक की त्यात रोपाची शिदोरी जवळजवळ नसते. रुजायला त्याला उजेड लागतो, उघडी माती लागते. दाट गवताच्या सावलीत ते सहसा तग धरत नाही. शिवाय तिचे बहुतेक बी काही वर्षांतच मरून जाते. दशकानुदशके मातीत वाट पाहत राहणारे ते नव्हे. म्हणजे तिला हरवायला लागते ते दाट गवत आणि काही वर्षांचा नेट.

दुसरी घाणेरी, म्हणजे टणटणी. ही १८०९ साली कलकत्त्याच्याच उद्यानात आली. बागेच्या कुंपणाला लावली आणि कुंपण ओलांडून देशभर गेली. हिची काळी फळे बुलबुलासारखे पक्षी खातात आणि बी दूर नेऊन टाकतात. म्हणून घाणेरी बहुतेकदा झाडाखाली, बांधावर, पक्षी बसतात तिथे प्रथम दिसते.

तिसरे गाजरगवत. १९५५ च्या सुमारास ते भारतात प्रथम नोंदले गेले ते पुण्यात. देशावर त्याने जेवढा उच्छाद मांडला तेवढा आपल्या डोंगरावर नाही. आपल्याकडे ते महामार्गाच्या कडेला, बांधकामाच्या जागी, भरावावर सापडते. पण तिथूनच ते गुरचरणात उतरते.

चौथा टाकळा. याला मी परक्यांच्या रांगेत बसवणार नाही. पहिल्या पावसात त्याची कोवळी भाजी आपण आवडीने खातो. गुरे मात्र त्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून तुडवलेल्या, उघड्या गायरानावर पावसाळ्यात टाकळाच टाकळा होतो. जिथे तो गच्च दिसेल तिथे समजावे की इथे गुरांचा भार जमिनीला झेपलेला नाही. फुलोऱ्याआधी तो कापला आणि त्या जागेला एक-दोन पावसाळे विसावा दिला की गवत त्याला मागे सारते.

आणि एक जपायची गोष्ट. कारवी, धायटी, कुडा ही आपली घरची झुडुपे. सात वर्षांनी फुलणारी कारवी उतार धरून ठेवते. तिच्या काठ्यांवर आपल्या कुडाच्या भिंती उभ्या राहिल्या. साफसफाईच्या उत्साहात रोजंदारीवरची टोळी रानमोडीबरोबर हिलाही आडवी करते. काम सुरू करण्याआधी गावातल्या जाणत्या बाईला किंवा धनगराला पुढे घालून काय कापायचे नि काय नाही ते दाखवून घ्यावे. हे कागदावरच्या यादीने होत नाही.

गुरांच्या पोटात काय जाते

गुरांना धोका दोन बाजूंनी असतो. एक तणाचा, दुसरा तणावरच्या उपायाचा.

रानमोडीच्या पानांत, विशेषतः कोवळ्या शेंड्यांत, नायट्रेट साठते. गुराच्या पोटात त्याचे नायट्राइट होते आणि ते रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती काढून घेते. जनावर धापा टाकते, अडखळते, रक्त तपकिरी दिसते. काही तासांतच ते दगावू शकते. डॉक्टरकडे त्यावर इंजेक्शन असते, पण ते वेळेत मिळाले तर. घाणेरीचा मार्ग वेगळा. तिच्यातली विषद्रव्ये यकृतावर घाव घालतात. जनावर चारा सोडते, शेण घट्ट होते, डोळे पिवळे पडतात आणि उन्हात कातडी होरपळते. नाकपुडी लाल होऊन सोलते, फिकट रंगाच्या जनावराचे फार हाल होतात. अशा जनावराला पहिल्याप्रथम सावलीत, अंधाऱ्या गोठ्यात बांधावे आणि डॉक्टरला बोलवावे. गाजरगवत खाल्लेल्या गाईच्या दुधाला कडवट चव येते, आणि ते उपटणाऱ्या माणसाच्या अंगाला खाज सुटते. म्हणून त्याला हातमोज्यांशिवाय हात लावू नये.

आता एक शंका येईल. आपली गुरे तर रानमोडीला तोंडही लावत नाहीत. खरे आहे. रानात वाढलेले जनावर तिला ओळखते. फसते ते बाहेरून नवे आणलेले, चैत्र-वैशाखात उपाशी असलेले, किंवा दावणीला बांधून समोर टाकलेला चारा मुकाट्याने खाणारे. शेवटचे फार महत्त्वाचे आहे. नायट्रेट वाळल्यावर उडून जात नाही आणि वाळलेल्या घाणेरीचे विषही कायम राहते. म्हणून गवत कापताना भाऱ्यात रानमोडीच्या नि घाणेरीच्या फांद्या जाऊ देऊ नयेत. माळावर जनावर निवडून खाते. दावणीला ती निवड आपण त्याच्यासाठी करायची असते.

आग, औषध आणि किडा

आपल्याकडे सर्वांत जुना उपाय काडेपेटीचा. वणवा लावला की पुढच्या पावसात गवत लुसलुशीत येते, असा समज आहे. आफ्रिकेतल्या काही गवताळ प्रदेशांत ठरवून, राखून लावलेल्या आगीने रानमोडीची कोवळी रोपे मरतात हेही खरे आहे. पण तिथे आगीला दाट गवताचे इंधन असते आणि उतार असा उभा नसतो. आपल्याकडे आग फाल्गुन-चैत्रात लागते. रानमोडीच्या वाळलेल्या काड्या भडकून ज्वाळा झाडांच्या फांद्यांपर्यंत नेतात. गवताचे पडलेले बी जळते, रानमोडीचा बुंधा मात्र जमिनीत जिवंत राहतो. मग जूनमध्ये, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जाणारा पाऊस त्या उघड्या, काळ्या उतारावर कोसळतो. माती जाते आणि उघडी जमीन हवी असलेल्या तणाला ती आयती मिळते. वणव्याने आपण रानमोडीचीच मशागत करतो.

दुसरा उपाय तणनाशकाचा. दुकानात दोन तऱ्हेची औषधे प्रामुख्याने मिळतात. ग्लायफोसेट हिरवे ते सगळे मारते, गवतासकट. म्हणजे कुरणासाठी ते मुळातच उलटे औषध. केंद्र सरकारने २०२२ मध्ये अधिसूचना काढून त्याच्या वापरावर निर्बंधही घातले. २,४-डी हे रुंद पानांच्या तणांवर चालते आणि गवताला सहसा सोडते. म्हणून ते माळावर मारावे असा सल्ला सर्रास मिळतो. त्यात एक खोच आहे. फवारणीनंतर तण लगेच मरत नाही. मरता मरता त्यातले नायट्रेट वाढू शकते, पाने थोडी गोडसर होतात आणि एरवी टाळलेले विषारी झुडूप गुरे खाऊ लागतात. म्हणजे गवताला निर्धोक असलेले औषध गुराला निर्धोक असेलच असे नाही. औषधाच्या वेष्टनावर त्याचा वापर कशावर करायचा आणि किती दिवस चराई बंद ठेवायची हे पाहिल्याशिवाय फवारणी करू नये. आणि आपला उतार कुठे वाहतो हेही पाहावे. तो खालच्या वाडीच्या झऱ्यात, विहिरीत आणि शेवटी सावित्रीत वाहतो.

एका जागी टाकलेले औषध भलत्याच जिवाला लागते, याचा दाखला आपल्याला शेजारीच मिळाला आहे. म्हसळा तालुक्यातल्या चिरगावला गिधाडांची वसाहत आहे आणि ती राखायला महाडचे निसर्गप्रेमी झटले. देशभर गिधाडे का संपली? गुरांना दुखण्यावर दिलेले डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या गुरातून गिधाडांच्या पोटात गेले. २००४ मध्ये संशोधनाने कारण उघड केले, २००६ मध्ये सरकारने जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी घातली. तोवर कोट्यवधी पक्षी गेले होते. गोठ्यात ज्याने इंजेक्शन दिले त्याचा हेतू वाईट नव्हता. पण साखळी कुठवर जाते हे त्याला कोणी सांगितले नव्हते. तणनाशकाबाबत आपल्याला हे आधीच ठाऊक आहे.

तिसरा उपाय किड्यांचा. तणाच्या मायदेशातला, फक्त त्या तणावर जगणारा किडा आणून सोडायचा. या वाटेची सुरुवात भारतातच झाली, तीही गैरसमजातून. १७९५ साली लाल रंग देणारा किडा म्हणून ब्राझीलहून एक कीटक आणला. रंगाच्या कामाचा तो निघाला नाही, पण परदेशी निवडुंगाच्या एका जातीचा त्याने फडशा पाडला. पुढे १९२६ पासून दक्षिण भारतात दुसऱ्या जातीवर तशाच किड्याने ठरवून काम केले. गाजरगवतासाठी मेक्सिकोहून भुंगे आणून १९८४ मध्ये बंगळूरजवळ सोडले गेले. महाराष्ट्रातही ते वाटले गेले आणि आता पावसाळ्यात ते आपसूक दिसतात. ते पाने कुरतडताना दिसले तर तिथे फवारणी करू नये, एवढे आपण नक्की करू शकतो. रानमोडीच्या खोडावर गाठी करणाऱ्या माशीने पापुआ न्यू गिनीत मोठे यश दाखवले. भारतातही ती आणली गेली, पण आपल्या डोंगराची सुटका तिने केलेली नाही. घाणेरीवर १९४१ मध्ये आणलेला ढेकणासारखा किडा तर अपयशीच ठरला. हे काम संशोधन संस्थांचे आहे. त्याची वाट पाहत बसणे हे गावाचे धोरण होऊ शकत नाही.

हाताचे काम, पण कुठून सुरू करायचे?

उरतो हात, विळा आणि कुदळ. इथे एक परदेशी अनुभव सांगतो, कारण तो आपल्याला चपखल बसतो. ऑस्ट्रेलियात सिडनी शहरात जोन आणि आयलीन ब्रॅडली या दोन बहिणी राहत. घराजवळच्या रानात तणे माजली होती. १९६० च्या दशकात त्यांनी स्वतःच्या हातांनी काम सुरू केले आणि त्यातून तीन नियम काढले. जिथे रान चांगले आहे तिथून सुरुवात करा आणि बिघडलेल्या भागाकडे सरका. माती शक्य तितकी कमी उकरा. आणि रान स्वतः जेवढे भरून येईल तेवढ्याच वेगाने पुढे जा.

आपण नेमके उलटे करतो. पाहुणे येणार, छायाचित्र निघणार, म्हणून सर्वांत गच्च रानमोडीत जेसीबी घालतो. दोन दिवसांत डोंगर लख्ख होतो. पाऊस पडतो आणि सगळीकडून बी येऊन त्या उघड्या मातीत पडते. पुढच्या वर्षी आधीपेक्षा दाट रानमोडी उभी.

त्याऐवजी सुरुवात चांगल्या गवताच्या काठावर करावी. जिथे शंभर गवताच्या ठोंबांत पाच रानमोडी आहेत, तिथल्या त्या पाच काढाव्यात. जागा लहान राहते, शेजारचे गवत ती लगेच भरते. दरवर्षी गवताची हद्द थोडी पुढे सरकते. गच्च भाग शेवटी येतो, आणि तोवर त्याला चारही बाजूंनी गवताने वेढलेले असते.

काम केव्हा करायचे? याचे उत्तर आपल्या सणांनी देऊन ठेवले आहे. गणपतीत माती ओली नि भुसभुशीत असते, रानमोडीची रोपे मुळासकट उपटून येतात, तिला फुले धरायला अजून अवकाश असतो. आणि मुख्य म्हणजे मुंबईचा चाकरमानी गावात असतो. त्याच सुमाराला, १६ ते २२ ऑगस्ट, जबलपूरची तण संशोधन संस्था देशभर गाजरगवत जागृतीचा सप्ताह पाळते. दसरा-दिवाळीत दुसरी फेरी मारून, जे उरले ते फुलण्याआधी बुडापाशी कापावे. शिमग्यात मात्र रानमोडीला हात लावू नये. तेव्हा बी पिकलेले असते. कापून ओढत नेली, होळीसाठी म्हणून वाडीत आणली, तर आपणच वाटभर पेरणी करतो.

सपाट माळावर उपटावे, उभ्या उतारावर कापावे. २२ जुलै २०२१ च्या पावसात तळियेत आणि पोलादपूर तालुक्यातल्या केवनाळे, सुतारवाडीत जे घडले ते या सभेत कोणाला सांगायला नको. तणामुळे दरडी कोसळल्या असे माझे म्हणणे नाही. पण ज्या उतारांची माती अशी बेभरवशाची आहे, तिथे मुळे खणून खड्डे पाडणे शहाणपणाचे नाही. तिथे बुंधा जमिनीलगत कापायचा, फुटलेले धुमारे दोन-तीन वर्षे पुन्हा पुन्हा कापायचे आणि मूळ थकवायचे. घाणेरीसाठी दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक सी. आर. बाबू यांच्या गटाने एक रीत रूढ केली. मुख्य मूळ जमिनीच्या जरा खाली छाटायचे, झुडूप उचलून मुळे वर करून तिथेच उलटे ठेवायचे. सारे मूळ उकरावे लागत नाही आणि झुडूप पुन्हा रुजत नाही. नंतर पक्षी बसतात त्या झाडांखाली दरवर्षी रोपे वेचत राहायचे.

कापलेल्या रानमोडीचे काय करायचे? फुलण्याआधी कापलेली असेल तर शेतात हिरवळीचे खत होते, कंपोस्ट होते. ज्या शेतकऱ्यांना भाताच्या रोपांसाठी अजून राब भाजावा लागतो, त्यांनी ऐन-किंजळाच्या फांद्या तोडण्याऐवजी दिवाळीला कापून वाळवलेली रानमोडी राबाला वापरून पाहावी. झाड वाचेल आणि डोंगरावरून उतरवलेल्या तणाला वापर मिळेल. मात्र बी धरलेली कधीही नाही.

आणि आता मूळ काम. काढलेल्या जागी गवत आलेच पाहिजे. बियाण्याची पाकिटे शोधत फिरण्याची गरज नाही. गावातला जो माळ अजून निर्मळ आहे, तिथले पवना-मारवेलचे गवत बी धरल्यावर कापायचे आणि त्याचा पातळ थर साफ केलेल्या जागेवर पसरायचा. बी आपोआप पडते, थर मातीला झाकतो. तो भाग दोन पावसाळे चराईपासून राखायचा. पण राखणे म्हणजे सोडून देणे नव्हे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हे दाखवले आहे. तिथे मोकाट चराई बंद केली आणि डोंगरावरचे गवत विळ्याने कापून न्यायला मोकळीक दिली. जेमतेम चारशे मिलिमीटर पावसाच्या गावात गवताची ददात संपली. आपल्याकडे पाऊस त्याच्या सात-आठ पट. उणीव आहे ती विळ्याची आणि नियमाची.

गायरान कोणाचे?

शेवटचा भाग अवघड आहे. माझ्या वरकसावरची रानमोडी मी काढीन. पण तिचे बी हद्द पाळत नाही. शेजारच्या मुंबईकराची पडीक जमीन, वनखात्याची हद्द, रस्त्याचा भराव आणि गायरान यांचे काय? गायरान, गुरचरण या जमिनी महसूल कायद्याने गावाच्या गुरांसाठी राखल्या आहेत. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सामाईक जमिनी गावाच्याच राहिल्या पाहिजेत असे बजावले. पण सामाईक म्हणजे कोणाचीच नाही, असा आपल्या व्यवहारातला अर्थ झाला आहे.

हे महाडमध्ये बोलताना जीभ जपून वापरावी लागते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे सार्वजनिक तळ्याचे पाणी हाती घेतले. नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव कागदावर आधीच होता. व्यवहारात ते खुले नव्हते. सार्वजनिक या शब्दाची कसोटी ठरावात नसते, प्रत्यक्ष वापरात असते, हे या शहराने देशाला दाखवले. गायरानाला तीच कसोटी लावायला हवी. तिथे भूमिहीनाची शेळी चरते, कातकरी बाई मोळी नि भाजी नेते, धनगराची म्हैस येते. महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत भूमिहीनांनी गायरानावर पोट भरण्याइतकी शेतीही केली आणि त्यासाठी दादासाहेब गायकवाडांच्या काळापासून लढे दिले. तणनिर्मूलनाच्या नावाने आधी कुंपण आणि मग या माणसांना मज्जाव, असे घडता कामा नये. तसे झाले तर माळावर रोज जाणारे, नवे तण सर्वांत आधी दिसणारे डोळेच आपण बाहेर काढू.

म्हणून ग्रामसभेपुढे ठेवायला मी चार कलमे सुचवतो. गावातला सर्वांत चांगला उरलेला गवताचा माळ एक ठरवा आणि काम तिथून सुरू करा. गावालगतच्या माळाचे तुकडे पाडून आळीपाळीने विसावा द्या, आणि वरच्या माळावर कापणी नि चराई पुन्हा सुरू करा. दोन्हींचे वेळापत्रक गुरे राखणाऱ्यांनी, शेळ्यावाल्यांनी, गवत कापणाऱ्या बायांनी बसून ठरवावे, त्यांच्या गैरहजेरीत नव्हे. वणवा लावणार नाही आणि शिमग्यात रानमोडी ओढणार नाही, हे वाडीवार ठरवा. रस्त्याच्या कामाला बाहेरून मुरूम आला तर पुढच्या दोन पावसाळ्यांत त्या कडेची रोपे उपटण्याची जबाबदारी कोणाची, हे आधीच लिहून ठेवा. हे काम पाचेक वर्षांचे आहे. मधे एक वर्ष खंड पडला तर एकाच हंगामातले बी बरीचशी मेहनत धुऊन नेईल. मजुरी रोजगार हमीतून मिळाली तर उत्तम. पण दुसऱ्या नि तिसऱ्या वर्षाची फेरी त्या मंजुरीवर टांगून ठेवू नका.

आणि हिशेब कशाने मांडायचा? किती हेक्टरवरचे तण काढले, हा आकडा कागदावर फार सुंदर दिसतो. तो मोजू नका. त्या माळावरून दिवाळीनंतर गवताचे किती भारे खाली आले, ते मोजा. पहिल्या वर्षी ते थोडे असतील. तिसऱ्या वर्षी वाढले तर काम बरोबर चालले आहे, वाढले नाहीत तर कितीही तण काढले असले तरी रीत बदला. गवत वाढले की तणाचे काय करायचे हा प्रश्न लहान होत जातो. गवत नसेल तर तो कधीच संपत नाही.

प्रश्नांसाठी वेळ ठेवला आहे असे संयोजकांनी सांगितले. ज्यांच्या गोठ्यात आजही गुरे आहेत, त्यांनी आधी विचारावे.